वाचकांचे प्रश्न : शत्रुदेशीय नागरिक, नजरकैदेच्या छावण्या आणि मायदेशी पाठवणी

या विषयावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांमधले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न जोडले आहेत.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात अहमदनगरला पंडित नेहरू, मौलाना आझाद होते आणि जर्मन लोकही होते असे वाचले. हे सगळे एकाच कायद्याखाली डांबले होते का? (परभणी)

नाही. गाव एक असले तरी कायदे वेगळे होते. युद्धकाळात सरकार ज्यांना अडकवून ठेवते त्यांचे तीन प्रकार असतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे वाचन चुकते.

पहिला युद्धकैदी. हा शत्रूच्या सैन्यातला माणूस. उत्तर आफ्रिकेत पकडून भोपाळ, बंगळूर, योल इथे आणलेले इटालियन सैनिक या वर्गातले. त्यांना 1929 चा जिनिव्हा करार लागू होता. दुसरा राजबंदी, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘डेटेन्यू’. हा सरकारचाच प्रजाजन, पण सरकारला नकोसा झालेला. 9 ऑगस्ट 1942 ला पकडून अहमदनगरच्या किल्ल्यात आणलेली काँग्रेस कार्यकारिणी या वर्गात येते. तिसरा शत्रुदेशीय नागरिक. त्याने काय केले हा प्रश्नच नसतो, त्याचे पारपत्र कुठले एवढेच पाहिले जाते. जर्मन मिशनरी, कंपन्यांचे दलाल, इंजिनिअर, गिर्यारोहक हे या वर्गातले.

हा फरक कागदापुरता नव्हता. भारत संरक्षण नियमांतला नियम 26, ज्याखाली राजबंदी ठेवत, तो एप्रिल 1943 मध्ये केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने अवैध ठरवला. सरकारने लगेच वटहुकूम काढून तो सावरून घेतला ही गोष्ट वेगळी, पण निदान कोर्टात भांडता तरी आले. शत्रुदेशीयाने तोच दरवाजा ठोठावला असता तर ‘तू जर्मन आहेस की नाहीस?’ एवढ्यावर प्रकरण संपले असते.

राजस्थानातले देवळी हे गाव आणखी गोंधळात टाकते. 1941 मध्ये तिथे डांगे, रणदिवे, जयप्रकाश नारायण राजबंदी म्हणून होते. पुढे त्याच जागी जपानी नागरिक आणले गेले आणि 1962 मध्ये चिनी वंशाचे लोक. नाशिकजवळच्या देवळालीशी याचा संबंध नाही, पण देवळालीतही 1941 मध्ये काही काळ जर्मनांची छावणी होती. त्यामुळे अभ्यासकही या दोन गावांत घसरतात.

प्रश्न : 1939 मध्ये हिंदुस्थानातल्या जर्मनांना प्रत्यक्ष कसे पकडले? सगळे एकाच दिवशी कसे सापडले? (कळंब, जि. धाराशिव)

कारण यादी आधीच तयार होती. परकीयांच्या नोंदणीचा कायदा 1939 मध्येच, युद्धाच्या काही महिने आधी झाला होता. प्रत्येक परकीयाचा पत्ता, व्यवसाय, येण्याजाण्याची नोंद पोलिसांकडे होती. 3 सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले आणि पोलीस पत्त्यांवर गेले. युद्धातली नजरकैद शांततेतल्या नोंदवहीवर उभी असते. नोंदवही नसेल तर पोलीस नावावरून, चेहऱ्यावरून, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून माणसे उचलतात, आणि चुका तिथेच होतात.

प्रौढ पुरुषांना अहमदनगरच्या मध्यवर्ती छावणीत लष्करी बराकींमध्ये नेले. पहिल्या महायुद्धातही जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांसाठी हेच ठिकाण होते, त्यामुळे जागा, कुंपण, पहारा यांचा अनुभव तयार होता. बायकामुले सुरुवातीला घरीच राहिली.

मग आली चाळणी. सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. हे पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर लिहिणारे आयसीएस अधिकारी. समितीपुढे प्रश्न एकच होता : हा माणूस नाझी पक्षाचा, निरुपद्रवी, की नाझींपासून पळून आलेला? जर्मन ज्यूंसाठी मुंबईच्या ज्यूईश रिलीफ असोसिएशनने हमी दिली आणि बरेच जण सुटले. ज्या माणसाला हिटलरने देशोधडीला लावले त्यालाच हिटलरचा माणूस म्हणून तारेआड ठेवायचे, हा मूर्खपणा निस्तरायला काही महिने लागले. तोही पुरता निस्तरला नाहीच. मे-जून 1940 मध्ये हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स पडल्यावर धोरण पुन्हा कडक झाले आणि सुटलेल्यांपैकी काही जण परत आत गेले. त्यांच्या कागदांत नवे काहीच नव्हते, युरोपातल्या बातम्या बदलल्या होत्या.

1941 मध्ये पुरुषांना अहमदनगरहून देवळाली आणि तिथून डेहराडूनजवळच्या प्रेमनगरला हलवले. कुटुंबांसाठी पुरंदर आणि सातारा इथे पॅरोल केंद्रे होती. तिथे तारेचा जाच कमी होता, पण हद्द ठरलेली आणि हजेरी चुकत नसे. डेहराडूनला आत वेगवेगळे विभाग पाडून नाझी, नाझीविरोधी, इटालियन यांना अलग ठेवावे लागले. हे न केल्यास काय होते ते आधीच कळले होते. एका बराकीत दोन्ही गट ठेवले की संख्येने जास्त असलेला गट आतल्या आत राज्य करू लागतो, आणि पहारेकऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. याच छावणीतून 29 एप्रिल 1944 ला हाइनरिश हारर आणि पेटर आउफश्नायटर हे गिर्यारोहक आणखी काही साथीदारांसह निसटले. काही जण कुंपण दुरुस्त करणारे मजूर बनले, साथीदारांपैकी दोघे इंग्रज अधिकाऱ्याच्या वेशात, आणि सगळे मुख्य फाटकातून चालत बाहेर पडले.

प्रश्न : जर्मन माणसाशी लग्न केलेल्या इंग्रज किंवा हिंदी स्त्रीचे काय होई? (उदगीर)

ती कायद्याने जर्मन. 1914 च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यानुसार पत्नीला पतीचे राष्ट्रीयत्व लागे. 1933 ची दुरुस्ती फक्त तिच्यावर बिनदेशी व्हायची वेळ येऊ नये एवढ्यापुरती होती. मँचेस्टरला किंवा पुण्याला जन्मलेली बाई त्यामुळे शत्रुदेशीय ठरू शके. उलट इंग्रजाची जर्मन बायको ब्रिटिश ठरून मोकळी राही. ज्यांना ‘रक्त’ आणि ‘निष्ठा’ यांवर नजरकैद होते असे वाटते त्यांनी हे एक कलम वाचावे.

प्रश्न : मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथे ब्रिटिशांचे हे कायदे चालत होते का? (नांदेड)

आपोआप चालत नव्हते. 1939 चा भारत संरक्षण कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांत तो ब्रिटिश प्रजाजन आणि सरकारी नोकर यांनाच लागू होई. हैदराबाद सरकारला आपल्या मुलखासाठी आपला हुकूम काढावा लागे आणि दोन्ही सरकारांमधला पत्रव्यवहार रेसिडेंटमार्फत, म्हणजे हैदराबादेतल्या ब्रिटिश प्रतिनिधीमार्फत, चाले. जर्मन नागरिकांच्या वर सांगितलेल्या छावण्या सगळ्या ब्रिटिश मुलखात होत्या.

शोध घेणाऱ्याला याचा अर्थ असा की औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतल्या परकीयाची फाइल मुंबईला शोधून उपयोग नाही. संस्थानचे कागद हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात, रेसिडेन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. अहमदनगर, सातारा, पुरंदर इथल्या छावण्यांचे मुंबई सरकारचे कागद मात्र मुंबईच्या पुराभिलेखागारात. दिल्लीची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. गृह खात्याच्या राजकीय शाखेपासून सुरुवात करावी आणि आडनावाची तीन-चार स्पेलिंगे घालून पाहावीत, कारण कारकुनाने ऐकून लिहिलेले जर्मन आडनाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी सापडते. पहिल्या महायुद्धातला माणूस असेल तर आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसची कार्डे आधी बघावीत, ती ऑनलाइन आहेत. रेड क्रॉसच्या प्रतिनिधींनी 1917 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अहमदनगर, बेळगाव वगैरे छावण्या पाहून अहवालही दिला होता.

प्रश्न : युद्ध चालू असताना शत्रूच्या नागरिकांना परत कसे पाठवत? जहाज वाटेत बुडवले जात नसे का? (लातूर)

पद्धत सांगतो, कारण ती फारशी लिहिली जात नाही.

दोन्ही सरकारे एकमेकांशी बोलत नसतात. म्हणून मध्ये एक तटस्थ देश ‘संरक्षक सत्ता’ म्हणून लागतो. ब्रिटिश साम्राज्यातल्या जर्मनांसाठी हे काम स्वित्झर्लंडने केले. त्याच्यामार्फत याद्यांची देवाणघेवाण होते आणि सगळा वेळ तिथेच जातो. प्रत्येक सरकारला आपले राजनैतिक अधिकारी आणि उपयोगी माणसे आधी हवी असतात, आणि समोरच्याची लढाईच्या वयातली माणसे सोडायची नसतात. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारने 1915-16 मध्ये जर्मन मिशनरी, स्त्रिया, मुले आणि वयस्क यांना दोन खेपांत इंग्लंडमार्गे रवाना केले, तरुण पुरुष मात्र अहमदनगरलाच ठेवले. त्या जहाजाचे नाव होते ‘गोलकोंडा’. नाव निजामाच्या मुलखातले असले तरी जहाज ब्रिटिश कंपनीचेच.

याद्या जुळल्या की जहाज ठरते, आणि जहाजाचे नाव, मार्ग, वेग, तारखा सर्व लढणाऱ्या देशांच्या नौदलांना कळवून ‘अभय’ मिळवले जाते. जहाज रात्री दिवे लावून चालते, म्हणजे युद्धातल्या इतर प्रत्येक जहाजाच्या उलट. अमेरिकेने भाड्याने घेतलेल्या स्वीडिश ‘ग्रिप्सहोम’च्या कुशीवर मोठ्या अक्षरांत ‘डिप्लोमॅट’ रंगवलेले होते, जपानी जहाजांवर पांढरे क्रूस होते. अदलाबदल तटस्थ बंदरात होते. 1942 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्रिटन आणि जपानची अदलाबदल पोर्तुगीज मोझांबिकमधल्या लोरेंसो मार्किश, म्हणजे आजच्या मापुतो, बंदरात झाली. दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात ठेवलेल्या जपान्यांपैकी काहींना त्यासाठी मुंबईहून ‘सिटी ऑफ पॅरिस’ने नेले. अमेरिका-जपान यांची दुसरी अदलाबदल ऑक्टोबर 1943 मध्ये आपल्या शेजारी, गोव्यात मुरगाव बंदरात झाली. ‘तेइया मारू’ आणि ‘ग्रिप्सहोम’ धक्क्याला लागली, दोन्ही बाजूंचे सुमारे दीड-दीड हजार लोक एकमेकांच्या जहाजावर चढले. गोवा पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगाल तटस्थ, म्हणूनच हे शक्य झाले.

आता काय बिघडते ते. अभय हे कागदावरचे वचन आहे, पाणबुडीच्या कप्तानापर्यंत ते वेळेवर आणि स्पष्ट पोचले पाहिजे. 1 एप्रिल 1945 ला मदतसामग्री पोचवून परतणारी जपानी ‘आवा मारू’ अभय असतानाही अमेरिकन पाणबुडी ‘क्वीनफिश’ने बुडवली. दोन हजारांहून जास्त लोक गेले, एक वाचला. आणि अभय न मागता हलवलेल्या नजरकैदींचे हाल याहून वाईट. 19 जानेवारी 1942 ला सुमात्राहून जर्मन नजरकैद्यांना हिंदुस्थानाकडे आणणारे डच जहाज ‘फान इमहोफ’ जपानी बॉम्बने बुडाले. त्यावर कैदी आहेत अशी कोणतीच खूण नव्हती. डच खलाशी होड्यांतून निघून गेले आणि चारशेवर जर्मन बुडाले. त्याआधी निघालेल्या जहाजांतले जर्मन मात्र सुखरूप पोचून डेहराडूनच्या छावणीत गेले होते.

हिंदुस्थानातल्या बहुतेक जर्मनांची पाठवणी युद्ध संपल्यावर दीड वर्षाने, 1946 च्या अखेरीस झाली. त्यांतल्या अनेकांना जायचेच नव्हते, पण त्यांची इच्छा निर्णायक नव्हती.

प्रश्न : 1971 च्या युद्धात भारताच्या ताब्यात आलेले 93 हजार पाकिस्तानी सगळे सैनिक होते का? (हिंगोली)

नाही. त्यात निमलष्करी दले, पोलीस, मुलकी अधिकारी आणि कुटुंबेही होती. सैनिकांना तिसरा जिनिव्हा करार, नागरिकांना चौथा. परत पाठवायला उशीर झाला त्याचे मोठे कारण असे की शरणागती भारत-बांगलादेश संयुक्त सेनेपुढे झाली होती आणि बांगलादेशाला 195 जणांवर खटले चालवायचे होते. 28 ऑगस्ट 1973 च्या दिल्ली करारानंतर गाड्या सुटू लागल्या आणि एप्रिल 1974 अखेर काम संपले.

प्रश्न : 1962 मध्ये भारतात जन्मलेल्या चिनी कुटुंबांनाही पकडले असे ऐकतो. नागरिकाला शत्रू कसे ठरवता येते? (अंबाजोगाई)

कायद्यातली व्याख्या बदलून. 26 ऑक्टोबर 1962 ला आणीबाणी जाहीर झाली आणि 30 ऑक्टोबरला परकीयांच्या कायद्यात बदल करणारा वटहुकूम निघाला, त्याचाच पुढे 1962 चा कायदा झाला. त्यानुसार जो माणूस स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एक, किंवा आजी-आजोबांपैकी कोणीही भारतावर आक्रमण करणाऱ्या देशाचा कधीही नागरिक वा प्रजाजन होता, त्याला परकीयांसाठीचे निर्बंध लावता येऊ लागले. शब्द पाहा : ‘कधीही’. आजोबा शंभर वर्षांपूर्वी चहाच्या मळ्यावर आले असले तरी नातू या जाळ्यात.

नोव्हेंबरपासून आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडून सुमारे तीन हजार लोकांना देवळीला नेले. आसामातल्या माकुमची चिनी वस्ती जवळजवळ रिकामी झाली. आसामातून रेल्वेने यायला सात दिवस लागले. बरोबर अंगावरचे कपडे आणि थोडेसे सामान. मागे राहिलेल्या दुकानांचा आणि घरांचा लिलाव झाला. परत आलेल्यांची खरी हानी इथेच झाली, कारण सुटकेच्या हुकुमात घर परत देण्याचे कलम नव्हते.

चीनने जहाजे पाठवली. 1963 मध्ये एप्रिल ते ऑगस्ट या काळात तीन खेपांत मद्रासहून दोन हजारांहून अधिक लोक गेले. त्यांतल्या कित्येकांनी चीन पाहिलेलाही नव्हता. ‘स्वेच्छेने’ हा शब्द कागदावर आहे, पण तारेआड बसून, घर गेलेले असताना, पुढे काय याचा पत्ता नसताना केलेल्या निवडीला स्वेच्छा म्हणणे अवघड आहे. उरलेले हळूहळू सुटले, शेवटचे काही जण 1967 पर्यंत अडकून होते. हे लोक गुप्तहेर होते की नव्हते याची माणूसनिहाय चौकशी 1939 च्या समितीइतकीही झाली नाही, आणि ती तर परक्या सरकारची समिती होती.

प्रश्न : आज असे घडले तर नियम काय आहेत? स्पर्धा परीक्षेसाठी हवे आहे. (छत्रपती संभाजीनगर)

देशांतर्गत : 1946 चा परकीय नागरिक कायदा आणि 1939 चा नोंदणी कायदा रद्द होऊन त्यांच्या जागी स्थलांतर व परकीय नागरिक कायदा 2025 आला, 1 सप्टेंबर 2025 पासून अमलात. संविधानाच्या अनुच्छेद 22(3) नुसार अटकेचे कारण कळवणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे ही संरक्षणे शत्रुदेशीयाला मिळत नाहीत. दिवाणी दावा लावायचा तर तो केंद्राच्या परवानगीने भारतात राहत असला पाहिजे (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 83).

आंतरराष्ट्रीय : 1949 चा चौथा जिनिव्हा करार. दुसऱ्या महायुद्धात नागरिकांसाठी असा करारच नव्हता, 1934 चा टोकियो मसुदा कागदावरच राहिला होता. आता नजरकैद फक्त सुरक्षेसाठी अगदी आवश्यक असेल तरच (अनुच्छेद 42), वर्षातून निदान दोनदा फेरतपासणी (43), ज्या निर्वासिताला मायदेशाचे संरक्षणच नाही त्याला केवळ राष्ट्रीयत्वावरून शत्रू मानायचे नाही (44), कुटुंब शक्यतो एकत्र (82), युद्धकैद्यांपासून वेगळे (84), मौल्यवान वस्तू घेतल्यास पावती (97), महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे (107). परीक्षेत सहसा विचारला न जाणारा पण सर्वांत उपयोगी अनुच्छेद 106 : छावणीत पोचल्यापासून एका आठवड्यात घरी कार्ड पाठवायची सोय. परतीचा खर्च अडकवणाऱ्या देशाने करायचा (135).

प्रश्न : आमच्या शेताच्या जुन्या उताऱ्यावर ‘कस्टोडियन’ अशी नोंद आहे. गावात म्हणतात ही शत्रू मालमत्ता. खरे काय? (भोकरदन, जि. जालना)

आधी नोंदीचे साल पाहा, सगळे त्यावर आहे.

सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातून जे पाकिस्तानात गेले त्यांच्या जमिनी ‘निर्वासित मालमत्ता’ म्हणून कस्टोडियनकडे, म्हणजे सरकारी अभिरक्षकाकडे, गेल्या. त्यासाठी 1950 चा कायदा होता. 7 मे 1954 नंतर, आधीच चालू असलेली प्रकरणे वगळता, नव्याने कोणतीही मालमत्ता अशी जाहीर करता येत नव्हती. ताब्यात आलेल्या जमिनी पुढे 1954 च्या कायद्याने नुकसानभरपाईच्या साठ्यात घेऊन वाटल्या गेल्या. हे कायदे 2005 मध्ये रद्द झाले, जुन्या नोंदी मात्र उताऱ्यावर तशाच पडून आहेत. 1954-55 च्या खासरा पत्रकात कस्टोडियन दिसत असेल तर तुमचे प्रकरण बहुधा हेच.

शत्रू मालमत्ता वेगळी. 1965 च्या युद्धात, 10 सप्टेंबरपासून, पाकिस्तानी नागरिकांची इथली मालमत्ता कस्टोडियनकडे गेली आणि 1968 च्या शत्रू मालमत्ता कायद्याने ती तशीच ठेवली. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिस्तानात गेलेल्या महमूदाबादच्या (उत्तर प्रदेश) राजांच्या भारतीय वारसाच्या बाजूने निकाल दिला. 2017 च्या दुरुस्तीने तो मार्ग बंद केला : वारस भारतीय नागरिक असला तरी वारसाहक्क लागत नाही, मधले व्यवहार टिकत नाहीत, दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही.

तर करायचे असे. खासरा पत्रकापासून आजपर्यंतचे सगळे फेरफार तहसीलमधून प्रमाणित नकलेसह काढा. निजामकाळातला उर्दू उतारा असेल तर भाषांतर करून घ्या, नावापुढचा ‘वल्द’ नीट वाचा, कारण बापाच्या नावात घोळ झाला की दोन माणसे एक होतात. ज्या फेरफाराने कस्टोडियनचे नाव लागले त्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख असते. ती 1954 च्या आधीची असेल तर पुढचा वाटपाचा आदेश शोधा, तो नसल्यानेच नोंद कमी होत नाही. 1965 नंतरची असेल तर शत्रू मालमत्ता अभिरक्षकाचा आदेश मिळवा. असा आदेश मिळाल्यापासून किंवा राजपत्रात छापून आल्यापासून, यांतले जे आधी असेल त्यापासून, 30 दिवसांत केंद्र सरकारकडे अर्ज करता येतो, आणि त्यापुढे 60 दिवसांत उच्च न्यायालयात अपील. तुमच्यासाठी ते संभाजीनगर खंडपीठ. तलाठ्याकडे अर्ज देऊन ही नोंद उडत नाही, आणि ‘उडवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.